पस्तीस की पंच्याऐंशी

डॉक्टरांनी महानंदाचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि विचारलं, "माझ्याकडे बघा. माझं नाक दिसतंय?"

"कान दिसतात," ती म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही. केसपण दिसतात. मधे ओल्या प्रिंटवर कुणीतरी अंगठा फिरवल्यासारखं झालंय."

डॉक्टरांना ओली प्रिंट म्हणजे काय ते कळलं नसावं. त्यांनी हात काढून दुसरा डोळा झाकला. "आणि आता?"

"आता नाक आहे. पण वाकडं आहे." मग तीच घाईनं म्हणाली, "तुमचं नाक वाकडं आहे असं नाही म्हणत मी."

डॉक्टर हसले. मीही हसलो. तोवर हसण्यासारखं होतं.

त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या बरोबर मधोमध पेनानं ठिपका दिला. म्हणाले, बावीस वर्षांची साखर आहे, ती डोळ्याच्या पडद्यावर उतरली आहे, आणि नेमकी या ठिपक्यावर. डाव्या डोळ्यातलं मधलं गेलं ते आता परत येणार नाही. कडेचं दिसेल. उजव्यात इंजेक्शनं देऊ, टिकेल तेवढं टिकवू.

"किती टिकेल?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही. काहींचं दोन-दोन वर्षं टिकतं. मावशी, काम काय करता तुम्ही?"

"फोटो काढते," महानंदा म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा औषधं लिहायला लागले. पुढं ते बरंच बोलले, पण मला काय ते पेन थांबलं तेव्हाच कळलं.

याला आता आठ वर्षं झाली.

गडहिंग्लजला बाजारपेठेत वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. माझ्या वडिलांनी घातलेला. महानंदा लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मी तिला डार्करूममध्ये प्रिंट धुवायला शिकवलं आणि दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा चांगले फोटो काढायला लागली. हे मी तेव्हा कबूल करत नव्हतो. पासपोर्ट, शाळेचे ग्रुप, लग्नातली स्टेजवरची कामं माझ्याकडे. बायकांची सगळी कामं तिच्याकडे. मुलगी दाखवायचे फोटो, हळद, डोहाळजेवण, बारसं. नेसरी, हलकर्णीपासून बायका यायच्या आणि मी काउंटरवर दिसलो की विचारायच्या, "काकी न्हाईत व्हय? मग नंतर येतो."

तिची एक रीत होती. कॅमेऱ्याच्या मागं उभं राहून ती कधी सूचना द्यायची नाही. उठून समोरच्या बाईकडे जायची, दोन बोटांत हनुवटी धरून चेहरा वळवायची, पदर सारखा करायची, कानात काहीतरी सांगायची. ते काय सांगायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाई हसायची. मग ही दोन पावलं मागं यायची आणि बटण दाबायची.

कोल्हापूरच्या दवाखान्यातून आम्ही स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसल्यावर ती म्हणाली, "कुणाला बोलू नका."

"कुणाला बोलतोय मी."

"भाऊजींनासुद्धा नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

"बरं."

"आंधळी बाई डोहाळजेवणाला कोण बोलावतंय."

"तू आंधळी नाहीस."

"नाही. कान दिसतात," ती म्हणाली, आणि पिशवीतून शेंगा काढून सोलायला लागली. दोन दाणे माझ्या हातावर ठेवले. बायकोचा डोळा आतून जातोय आणि आपण शेंगा खातोय. मी काहीच करू शकत नव्हतो, आणि काहीतरी केल्याशिवाय मला राहवत नव्हतं. गाडी कागलच्या पुढं गेली तेव्हा माझं ठरलं. तिला पंच्याऐंशीची लेन्स घ्यायची.

आदल्या दिवाळीत आम्ही मोठ्या सेन्सरचा, फुलफ्रेम कॅमेरा घेतला होता. बॉडी नवीन, पण लेन्स जुनीच, झूमची, हातात धरली की मनगट दुखायचं. महानंदाला प्राइम लेन्स हवी होती. प्राइम म्हणजे जी झूम होत नाही ती. तिला पुढं-मागं करता येत नाही, आपल्यालाच पुढं-मागं व्हावं लागतं. दहा-बारा वर्षांपूर्वी एका लग्नात पुण्याहून आलेल्या फोटोग्राफरकडे तिनं पंच्याऐंशीची बघितली होती. त्यानं काढलेल्या फोटोत नवरीच्या मागचा मांडव, माणसं, खुर्च्या सगळं विरघळून गेलं होतं आणि नुसता चेहरा उरला होता. तेव्हापासून तिचं पालुपद होतं, एकदा पंच्याऐंशी घ्यायची. मी म्हणायचो, घेऊ. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं.

पुढच्या गुरुवारी पहिलं इंजेक्शन होतं, दुपारी. सकाळीच मी तिला कोल्हापुरातल्या भूपालशेठ चौगुल्यांच्या दुकानात नेलं.

त्या दुकानात नुसते कॅमेरे मिळत नव्हते. जिल्ह्यातले सगळे फोटोवाले तिथं चहाला असायचे. कुणी जुना कॅमेरा काढला, कुणाची लग्नाची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली, कुणाच्या हाताला कंप सुटला, हे पहिल्यांदा त्या काउंटरवर कळायचं आणि संध्याकाळपर्यंत आजऱ्याला पोचायचं. त्या दिवशी कागलचा रणजित काउंटरवर कोपर टेकून उभा होता. पस्तिशीचा पोरगा, ड्रोन उडवायचा, आमच्याच भागातली लग्नं घ्यायचा.

"या गुरुनाथअण्णा," भूपालशेठ म्हणाले. "आज वहिनींना घेऊन? म्हणजे खरेदी मोठी दिसतीय."

"प्राइम बघायचीय. फुलफ्रेमला. पंच्याऐंशी," मी म्हणालो.

"सगळ्याच दाखवा," महानंदा म्हणाली.

शेठनी काचेच्या कपाटातून तीन डबे काढले. पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी मिलिमीटर; आकडा जितका मोठा तितकं लांबनं काढायचं. मखमलीच्या तुकड्यावर तिन्ही ओळीनं उभ्या केल्या. महानंदानं एकेक हातात घेऊन वजन बघितलं, कडा चाचपली, बोटानं कडं फिरवून बघितलं. मग मला म्हणाली, "तुम्ही उभे राहा तिकडं."

मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. लाइट लावताना, कॅमेरा तपासताना कायम मीच उभा राहायचो. माझे हजारभर फोटो तिनं काढले असतील, सगळे काम झालं की पुसलेले.

पहिल्यांदा पंच्याऐंशी लावली. ती मागं सरकत सरकत पार दुकानाच्या दारापर्यंत गेली. फोकस बसला तसा कॅमेरा पिप् असा वाजला, तिनं बटण दाबलं. शेठनी कॅमेरा घेऊन फोटो मोठा करून बघितला. "वहिनी, पापण्या मोजून घ्या. काय एक नंबर आलाय."

मीही बघितलं. खरंच एक नंबर आला होता. माझ्या मनावरचा दगड उतरला. मला वाटलं, डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणू देत, हिचा हात आहे तसाच आहे. मी कॅमेरा तिच्यासमोर धरला. "बघितलंस?"

तिनं मान थोडी वळवली, पडद्याकडे तिरकं बघितलं आणि मान हलवली.

मग पन्नास. मग पस्तीस. पस्तीस लावल्यावर ती पुढं येत राहिली. इतकी पुढं आली की तिच्या डोक्याच्या तेलाचा वास आला. डावा हात तिनं माझ्या खांद्यावर ठेवला, मग गालावर, चेहरा जरासा उजेडाकडे फिरवला, आणि हात परत खांद्यावर आणून दुसऱ्या हातानंच बटण दाबलं.

"काय हो वहिनी," भूपालशेठ म्हणाले, "नवऱ्याच्या खिशात शिरून फोटो काढताय व्हय?"

"खिशात काय नसतंय त्यांच्या. म्हणून चेहऱ्याचा काढला."

रणजित वाकून फोटो बघत होता. "काकी, पस्तीसनं जवळनं काढू नका बघा. काकांचं नाक बटाट्यागत आलंय."

"आहेच ते बटाट्यागत. मी तीस वर्षं बघतेय."

सगळे हसले. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "ही बरी आहे. ही द्या."

"कुठली?" मी विचारलं.

"पस्तीस."

"अगं, पंच्याऐंशी म्हणत होतीस की इतकी वर्षं."

"तेव्हा म्हणत होते."

"मग आता काय झालं?"

ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्या कानाकडे. त्या आठवड्यात तिला ती सवय लागली होती, बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघायची, म्हणजे तोंड थोडं तरी दिसायचं. क्षणभर ती काहीतरी बोलणार असं वाटलं. शेजारी रणजितनं चहाचा कप तोंडाला लावला होता आणि तो आमच्याकडेच बघत होता.

"आता ही बरी वाटते," ती म्हणाली. "हातात बसते."

मला वाटलं, पस्तीस स्वस्त आहे म्हणून घेतेय. इंजेक्शनांचा खर्च तिनं ऐकला होता. मला ते लागलं. म्हणजे आता आपली बायको दवाखान्यासाठी आपली हौस मारणार आणि आपण ती मारू देणार. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पैशाचा विचार तू करू नको. शेठ, पंच्याऐंशी बांधा."

"अहो, मी काय म्हणते..."

"काही म्हणू नको. आयुष्यात एकदा तुझ्या मनासारखं होऊ दे."

रणजित म्हणाला, "घ्या काकी. पोर्ट्रेटला पंच्याऐंशीला तोड नाही. लांबनं निवांत काढायचं, माणसाला कळतसुद्धा न्हाई."

"बरं," महानंदा म्हणाली. "तुम्ही म्हणाल ती."

भूपालशेठनी डबा कागदात गुंडाळला. "असा नवरा पाहिजे बघा," ते म्हणाले. "कधी बदलून पाहिजे असली तर आणा. आपल्या माणसांना तारखेची अट नाही."

मी खूश होतो. दुपारी तिला इंजेक्शन दिलं, डोळ्यावर पट्टी बांधली, आणि मी एका हातानं तिला धरून, दुसऱ्या हातात लेन्सची पिशवी घेऊन स्टँडवर आलो. आपण काहीतरी केलं असं मला वाटत होतं.

त्यानंतर दहाव्या दिवशी कावेरीचं डोहाळजेवण होतं.

कावेरी मगदूम म्हणजे आमच्याच गल्लीतली मुलगी. तिचा मुलगी दाखवायचा फोटो महानंदानं काढला होता, हळदपण तिनंच. सातवा लागला तसा तिनं फोन केला होता, "काकी, तुम्हीच पाहिजे. माझ्या सासरचे रणजितला बोलवा म्हणाल्यात, मी न्हाई म्हटलंय."

माहेरच्या घरात, माडीवरच्या खोलीत कार्यक्रम होता. खोली लांबट. एका टोकाला फुलांनी सजवलेला झोपाळा. कावेरी हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने, हातात फुलांचं धनुष्य. खोलीभर बायका. मी लाइटचा स्टँड लावून दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. बायकांच्या कार्यक्रमात माझी जागा तीच असायची.

पंच्याऐंशीनं झोपाळा आणि बाई दोन्ही घ्यायचं तर लांब जावं लागतं. महानंदा मागं मागं जात खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकली. तिच्या आणि झोपाळ्याच्या मधून बायका ये-जा करत होत्या. एकेक बाई ओटी भरत होती. सुरुवातीला बरं चाललं. कॅमेरा पिप् वाजायचा, ती बटण दाबायची. पण मी बघत होतो, ती एकदाही भिंत सोडून पुढं गेली नाही. तिथूनच मोठ्यानं म्हणत होती, "कावेरी, मान थोडी वर." असं तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मधे झोपाळ्याच्या साखळीची फुलं सुटली. कावेरीची जाऊ ती बांधायला आली. तिचीही साडी हिरवीच होती. कावेरीला बसून बसून कळ लागली असेल, ती उठली आणि खिडकीपाशी वाऱ्याला उभी राहिली. जाऊ झोपाळ्यावर टेकली आणि वर हात करून फुलं बांधायला लागली.

"छान," महानंदा म्हणाली. "असंच. कावेरी, मान जरा डावीकडं कर. आणि पोटावर हात ठेव, बाळाला पण येऊ दे फोटोत."

जावेनं हात तसेच वर ठेवून इकडं-तिकडं बघितलं.

"अगं, डावीकडं. लाजतीयेस काय अशी."

खोलीतलं बोलणं थांबलं. कुणीतरी खुसकन हसलं आणि पदर तोंडाला लावला. कावेरीची सासू म्हणाली, "ह्या काय करायल्यात?" महानंदाचा कॅमेरा डोळ्याला लागलेला होता आणि तो पिप् पिप् वाजत होता.

मी दारात होतो. मी बोलू शकलो असतो. "अगं, ती जाऊ आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर सांगणं होतं. लाइटचा स्टँड धरून मी नुसता उभा राहिलो.

खिडकीपासून कावेरी म्हणाली, "काकी, मी इकडं आहे."

महानंदानं कॅमेरा खाली घेतला. आवाजाच्या दिशेनं तिनं मान वळवली.

कावेरी आपणहून झोपाळ्यावर येऊन बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जाऊबाईंचा काढला ते बरं झालं, त्यांचा एकपण नव्हता. पण काकी, तुम्ही आज इतक्या लांब का उभ्या राहिलाय? जवळ या की. दर वेळी धरता तशी हनुवटी धरा."

"लेन्स नवीन आहे," महानंदा म्हणाली. "हिला लांबनं लागतं."

"असू दे. या तुम्ही."

महानंदा गेली. बायकांनी पाय आवरून वाट दिली. झोपाळ्याची साखळी हाताला लागल्यावर ती थांबली. दोन बोटांत तिनं कावेरीची हनुवटी धरली, चेहरा खिडकीकडे वळवला, कपाळावरचं फूल सारखं केलं, कानात काहीतरी बोलली. कावेरी हसली. तसंच, नेहमीसारखं. महानंदानं एक हात तिच्या खांद्यावर ठेवून कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं.

कॅमेरा वाजला नाही. पंच्याऐंशीची लेन्स इतक्या जवळचं धरत नाही. ती नुसती आतल्या आत घरघर करत पुढं-मागं होत राहिली. महानंदानं पुन्हा दाबलं. पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा दाबलं. कावेरी हसू तसंच धरून बसली होती, आणि धरून धरून तिचे ओठ थरथरायला लागले.

"राहू दे," महानंदा म्हणाली. "बाळ झालं की काढीन. मांडीवर घेऊन बस. असा जवळनं काढीन."

मग तिनं कॅमेरा दाराशी आणून माझ्या हातात दिला. बाकीचे फोटो मी काढले. एकही बाई हसली नाही, सगळ्या सरळ उभ्या राहिल्या.

आम्ही घरी आलो. तिनं चहा टाकला. कप द्यायला आली तेव्हा मी विचारलं, "पस्तीस कशाला मागत होतीस?"

"आता कळलं ना."

"तू सांग."

ती समोर बसली. "पस्तीसला माणूस हाताशी येतं," ती म्हणाली. "हात लावला की चेहरा कुठं आहे, कसा आहे ते मला कळतं. उजेड हाताला ऊन लागल्यासारखा लागतो. श्वास ऐकू येतो, हसायच्या आधीचा. बाकीचं कॅमेरा बघतो. लांब गेलं की मला नुसत्या साड्या दिसतात."

"मग दुकानात बोलायचंस."

"काय बोलू? रणजित उभा होता तिथं. संध्याकाळी आजऱ्यापर्यंत गेलं असतं."

"मला डोळ्यानं खुणवायचंस."

"कुठल्या डोळ्यानं?" ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

"मी म्हटलं, तुम्हाला कळेल," ती म्हणाली. "तुम्ही फोटोवाले."

मी म्हणालो, उद्याच बदलून आणतो. मग आठवलं, सोमवारी दुकान बंद असतं. "परवा जातो. पहिल्या गाडीनं."

"जाऊ आपण दोघंच. घाई काही नाही," ती म्हणाली.

मंगळवारी पहाटे मी लेन्स डब्यात घातली, डबा पिशवीत घातला. महानंदा वेणी घालत होती. मधेच थांबून म्हणाली, "अहो, खोलीत कोळिष्टकं झालीत काय ओ?"

"कुठं?"

"सगळीकडे. हे बघा, हलतायत." ती उजव्या डोळ्यासमोरून हातानं काहीतरी बाजूला सारत होती.

पहिल्या गाडीनंच आम्ही कोल्हापूरला गेलो, पण दवाखान्यात. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. तिला आत घेतलं आणि मी बाहेर बाकड्यावर लेन्सची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. भूपालशेठचं दुकान तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. संध्याकाळपर्यंत मी तिथंच बसलो होतो. पुढच्या काही आठवड्यांत दोन ऑपरेशनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, उजेड आणि अंधार कळेल, त्यापुढं आपल्या हातात नाही.

पिशवी घरी येऊन कपाटात गेली.

कावेरीला मुलगी झाली. तीन महिन्यांची झाल्यावर ती लेकीला घेऊन आमच्याकडे आली. महानंदा कॉटवर बसलेली असायची. कावेरीनं मूल तिच्या मांडीवर ठेवलं. महानंदानं बोटांनी त्याचं कपाळ, नाक, गाल, हनुवटी सगळं सावकाश बघितलं. मूल रडलं नाही. तिचं बोट तोंडात घालून चोखायला लागलं.

"अहो," महानंदा म्हणाली, "ती लेन्स बदललीत काय?"

"नाही अजून."

"बदलून आणा. मी हिला शब्द दिलाय. मग काढते."

"आणतो," मी म्हणालो.

कावेरी जायला निघाली तेव्हा मी तिला सोडायला जिन्यापर्यंत गेलो. हळू आवाजात म्हणालो, "तू मनावर घेऊ नको. तिला आता काहीच दिसत नाही. लेन्स आणून काय उपयोग?"

कावेरीनं लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "काका, त्या दिवशीपण त्यांना दिसत नव्हतंच की."

"तुला माहीत होतं?"

"दारातनं आल्या तेव्हाच कळलं. माझ्या आईच्या हातात हळदीकुंकवाचं ताट दिलं त्यांनी, म्हणाल्या, कावेरी, जाडी झालीस गं."

"मग रणजितला का नाही बोलावलंस?"

"मला फोटोत हसता येत न्हाई काका. कुणीतरी हनुवटी धरावी लागती," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

तरी मी लेन्स आणली नाही. त्या वर्षी महानंदाची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला आम्ही कोल्हापूरला जायचो. ती आत चार तास असायची. त्या चार तासांत मी दहा वेळा दुकानात जाऊन येऊ शकलो असतो. एकदा दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलोही आणि परत फिरलो. मला भीती वाटायची. पस्तीस आणली, तिच्या हातात दिली, समोर कावेरी मूल घेऊन बसली, आणि तिला जमलं नाही तर मी कुठं उभा राहू, काय बोलू, हे मला सुचत नव्हतं. ती अधूनमधून विचारायची, "आणलीत काय?" मी म्हणायचो, "शेठकडे संपलीय, येणार आहे." पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं.

डोहाळजेवणानंतर चौदा महिन्यांनी ती गेली.

कावेरीची मुलगी ईश्वरी आता दुसरीत आहे. मोबाइलमध्ये तिचे ढीगभर फोटो असतील. पण कावेरी दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येते आणि म्हणते, "काका, तो एक फोटो तुम्ही काढा. पोरगी आता मांडीवर मावत न्हाई, पण बसवते कशीतरी." मी म्हणतो, काढू. लोकांच्या हनुवटीला हात लावून फोटो काढणं मला येत नाही, मी कधी काढलेला नाही. हे तिला सांगितलेलं नाही.

पंच्याऐंशीची लेन्स कपाटात आहे. पस्तीसची मी अजून आणलेली नाही. कावेरीचा लेकीला मांडीवर घेऊन काढायचा फोटो राहिला आहे.